सगळेच सोपे बॉल

स्ट्रेट पूल हा क्यूने बॉल पॉकेटमध्ये घालायच्या पूलचा एक प्रकार, आणि त्यातला माझा हाय रन, म्हणजे न चुकता सलग घातलेल्या बॉलचा सगळ्यात मोठा आकडा, जवळजवळ दीड वर्ष २८ वर अडकून बसला होता. २८ म्हणजे बरोबर दोन रॅक, १४ बॉलचा एक, त्यामुळे हा खेळ खेळणाऱ्याला आकडा ऐकूनच कळतं की पुढे काय झालं असणार. तिसऱ्या रॅकचा ब्रेक बॉल, म्हणजे रॅक फोडून देणारा बॉल, चुकला, दुसरं काय. आणि ते २८ सुद्धा एकदाच. बाकी दिवस ९, १७, १२, २२, परत ९. रोज दोन दोन तास टेबलावर घालवून हे आकडे बघायला मिळाले की माणूस आधी क्यूवर संशय घेतो, मग टीपवर, मग कापडावर, आणि सगळ्यात शेवटी स्वतःवर. मी या सगळ्या पायऱ्या इमानदारीत चढलो. टीप दोनदा बदलली.

शेवटी स्वतःवर आलो तेव्हाही चुकीच्या ठिकाणी आलो. मला वाटलं पॉटिंग कमी पडतंय. म्हणून लांबचे कट शॉट, कुशनला चिकटलेले बॉल, मागे हात करून मारायचे बँक शॉट, असलं सगळं घोटत बसलो. चार महिन्यांत पॉटिंग खरंच सुधारलं, लोक म्हणायला लागले की हात बसलाय तुझा. हाय रन २८.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. १५ बॉल, प्रत्येकाचा एक पॉइंट, रंगाला नंबरला काही किंमत नाही. कोणता बॉल कोणत्या पॉकेटमध्ये एवढं सांगायचं आणि मारायचं, गेला की पुढचा, चुकला की जाऊन खुर्चीत बसायचं. १४ गेले की पंधरावा जिथे असेल तिथेच राहतो, पांढरा, म्हणजे क्यूने मारायचा बॉल, तोही तिथेच राहतो, आणि ते १४ परत त्रिकोणात लावायचे, फक्त टोकाची जागा रिकामी ठेवून. आता त्या एकट्या पंधराव्याला, म्हणजे ब्रेक बॉलला, पॉकेटमध्ये घालता घालता पांढरा रॅकवर नेऊन आदळायचा, रॅक फुटला की पुढचे १४ मोकळे, आणि हे असंच चालू, १०० पर्यंत किंवा १२५ किंवा १५०, जे ठरलं असेल ते. म्हणून याचं दुसरं नाव १४.१. हा पंधरावा ठेवून द्यायचा उद्योग जेरोम किओ नावाच्या खेळाडूने १९१० च्या सुमाराला काढला असं मानतात. त्याच्या आधी सगळे १५ बॉल घालून मग नवा रॅक लावायचे आणि तो परत फोडायला लागायचा, म्हणजे रन रॅकगणिक तुटायचा. किओने एक बॉल मागे ठेवला आणि तुटलेलं जोडून दिलं. एवढीशी युक्ती, पण सगळा खेळच तिच्यावर उभा आहे.

आता बघा, नाईन बॉल या पूलच्या दुसऱ्या प्रकारात टेबलावरचा सगळ्यात लहान नंबर आधी लागायलाच हवा. म्हणजे खेळच तुम्हाला सांगतो की आता हा, मग हा. शॉट अवघड असेल पण प्रश्न एकच असतो. स्ट्रेट पूलमध्ये कुणी काही सांगत नाही. रॅक चांगला फुटला की समोर आठ-नऊ बॉल असे असतात की डोळे मिटून जातील, आणि नवीन माणसाला वाटतं वा, काय सोपा खेळ आहे. मलाही वाटायचं. मी त्यातला सगळ्यात जवळचा घ्यायचो, मग त्याच्या जवळचा, मग पुढे जो दिसेल तो. सात-आठ बॉल मस्त जायचे आणि मग अचानक असं व्हायचं की राहिलेले पाच एकमेकांकडे पाठ करून बसलेत, दोन चिकटलेत, एक कुशनला, आणि पांढरा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे मग मी तो घोटलेला लांबचा कट मारायचो. कधी जायचाही. आणि गेला की कॉलर ताठ व्हायची, हे सगळ्यात वाईट, कारण ज्या शॉटची वेळच यायला नको होती त्याबद्दल मी स्वतःची पाठ थोपटत होतो.

आमच्यात एक सिनियर खेळाडू आहेत, सगळे त्यांना काकाच म्हणतात. ते फारसं बोलत नाहीत, खुर्चीत बसून चॉक बोटात फिरवत राहतात. एकदा त्यांच्याशी खेळताना माझा १३ वर चुकला. बॉल लांबचा होता, मी म्हटलं, "थोडक्यात हुकला काका."

ते म्हणाले, "तो जाऊ दे. तिसरा बॉल तो का घेतलास?"

मला तिसरा कुठला होता तेच आठवेना. त्यांनी बोटाने जागा दाखवली, साइड पॉकेटसमोरचा.

"तो? सोपा होता म्हणून."

"सगळेच सोपे होते रे. म्हणून तर विचारतोय."

मग उठले, ३१ मारले आणि परत येऊन बसले. त्या ३१ मध्ये बघण्यासारखा एकही शॉट नव्हता. खरंच सांगतो, बाहेरच्या कुणी बघितलं असतं तर म्हणाला असता की यांच्या नशिबाला सगळे सोपेच बॉल येतात. पांढरा एका शॉटला वीत दोन वीत हलायचा, बस. कुशनला तर तो क्वचितच गेला. मी मात्र प्रत्येक शॉटला पांढऱ्याला टेबलाची प्रदक्षिणा घालायला लावत होतो.

घरी येऊन मी एक हिशोब केला, गणित माझं जेमतेम आहे पण कॅल्क्युलेटर असतोच. समजा माझा प्रत्येक शॉट जायची शक्यता ९० टक्के आहे. ऐकायला बरं वाटतं. पण सलग १४ जायची शक्यता मग फक्त २३ टक्के. ९५ धरली तर ४९, म्हणजे पाच टक्क्यांनी एकदम दुप्पट. ९८ धरली तर ७५. आणि सलग १०० ची भाषा करायची तर ९५ वाल्याला दोनशेत एकदा जेमतेम, आणि ९८ वाल्याला साधारण आठात एकदा. आता अवघड शॉटवर माझे ९० चे ९८ या जन्मात होणार नाहीत. पण असे शॉट आहेत की ज्यांच्यावर मी आजच ९८ आहे, हातभर अंतर, थोडासा कोन, मोकळं पॉकेट. म्हणजे चार महिने मी चुकीचा आकडा वाढवायला बसलो होतो. मारता येणारे शॉट वाढवण्यापेक्षा मारावे लागणारे अवघड शॉट कमी केले असते तर काम झालं असतं. हे कळल्यावर मला आनंद वगैरे झाला नाही, चिडचिड झाली.

मग वही केली. साधी वही, त्यात रन किती झाला ते लिहायचं आणि तो का संपला ते एका ओळीत. नियम एकच, "चुकला" असं लिहायचं नाही, कारण तसं सगळंच चुकलेलं असतं. पहिल्या पानावरच्या काही नोंदी अशा आहेत: "११. दोन चिकटलेले शेवटपर्यंत तसेच ठेवले." "७. ब्रेकनंतर पांढरा कुशनला, घाईत मारला." "१९. ब्रेक बॉल ठेवलाच नव्हता, जो उरला त्याला ब्रेक बॉल म्हटलं." "१४. ब्रेक बॉल सरळ आला." "१०. शेवटच्या क्षणी बॉल बदलला, पण उभा तसाच राहिलो." ही शेवटची नोंद तर इतक्या वेळा आली की नंतर मी नुसतं "बदलला" लिहायला लागलो. म्हणजे खाली वाकलोय, क्यू मागे गेलाय, आणि डोक्यात येतं की अरे त्याऐवजी तो घेतला असता तर, आणि तेवढ्यात हात पुढे गेलेला असतो. सोपा बॉल चुकण्याचं याच्याइतकं खात्रीशीर तंत्र मी बघितलेलं नाही. पन्नासेक नोंदी झाल्यावर वाचत बसलो तर शॉट मुळातच अवघड होता म्हणून संपलेले रन अगदी थोडे. निम्म्याहून जास्त ठिकाणी बिघाड तीन-चार शॉट आधीच झाला होता, संपायला फक्त वेळ लागला होता.

तेव्हापासून उलटं बघायला शिकलो, म्हणजे अजून शिकतोय. रॅक फुटला की आधी शेवटचा बॉल शोधायचा, जो ब्रेक बॉल होईल. मग त्याच्या आधीचा, ज्याला की बॉल, म्हणजे किल्लीचा बॉल म्हणतात, ज्याच्यावरून पांढरा ब्रेक बॉलला बरोबर कोनात येईल. मग त्याच्याही आधीचा. हे तीन मिळाले की ते टेबलावर असून नसल्यासारखे, त्यांना हात लावायचा नाही, कितीही खुणावत असले तरी. इथेच माझी सगळ्यात मोठी गोची व्हायची, कारण चांगला की बॉल हा नेमका साइड पॉकेटजवळचा सोपा बॉल असतो आणि पांढरा जरा अडचणीत आला की सुटकेला तोच दिसतो. काका विचारत होते तो तिसरा बॉल हाच होता. मी स्वतःच्या पुढच्या दहा शॉटांची किल्ली तिसऱ्या मिनिटाला विकून टाकली होती.

सराव बदलला. रॅकची बाह्यरेषा कापडावर आखलेलीच असते, तिच्या उजवीकडे एक बॉल ठेवायचा, तो ब्रेक बॉल. दुसरा टेबलाच्या मध्याच्या आसपास, साइड पॉकेटच्या रेषेत, तो की बॉल. तिसरा कुठेही. पांढरा हातात घेऊन सुरू करायचं आणि तिन्ही घालायचे, पण शेवटच्या शॉटला पांढरा रॅकच्या जागेत शिरलाच पाहिजे, नाहीतर ती फेरी धरायची नाही. ऐकायला पोरखेळ वाटतो. पहिल्या दिवशी दहातल्या चार फेऱ्या जमल्या मला, तीन बॉल, पांढरा हातात असताना.

त्यातली एक फेरी अजून डोळ्यासमोर आहे. की बॉल मधोमध, डाव्या साइड पॉकेटला सरळ. करायचं एवढंच की सरळ मारून पांढरा जागच्या जागी थांबवायचा, स्टॉप शॉट, जो पहिल्या आठवड्यात शिकवतात. तिथून उजवीकडच्या ब्रेक बॉलला सुरेख कोन मिळतो, अर्ध्या बॉलच्या जवळपास, म्हणजे पांढरा समोरच्या बॉलच्या साधारण अर्ध्या भागावर लागेल असा. मी मारला, बॉल गेला, आणि पांढरा थांबायच्या ऐवजी हळूच डावीकडे लोळत गेला, वीतभर. टीप जरा वर लागली होती. वीतभर म्हणजे काय असतं हो, इतर खेळांत कुणी बघतसुद्धा नाही. पण त्या वीतभराने ब्रेक बॉल जवळजवळ सरळ झाला. सरळ बॉल घालायला काय, शाळकरी पोरगं घालेल, पण पांढरा मग बाजूला वळतच नाही, रॅककडे जातच नाही, आणि तुमच्यासमोर १४ बॉलचा न फुटलेला त्रिकोण उभा राहतो आणि एकही मोकळा बॉल नाही. शॉट गेला आणि रन मेला. त्या दिवशी मी फक्त स्टॉप शॉट मारले, तासभर, की बॉल बदलून बदलून, आणि शेजारच्या टेबलावरची मुलं मला नवीन समजत असणार.

पांढऱ्याचं शास्त्र तसं दोनच वाक्यांचं आहे. तो सरकत गेला आणि टक्करीच्या क्षणी पुढची मागची कुठलीच फिरकी नसेल तर तो ऑब्जेक्ट बॉलच्या, म्हणजे ज्याला लागला त्या बॉलच्या, वाटेला काटकोनात जातो. नीट लोळत असेल आणि टक्कर अर्ध्या बॉलच्या आसपास असेल तर आपल्या मूळ वाटेपासून साधारण ३० अंश वळतो. बाकी सगळं, म्हणजे पुढची फिरकी फॉलो, मागची ड्रॉ, बाजूची साइड, हे या दोघांच्या आजूबाजूचं आहे. मी ड्रॉच्या प्रेमात होतो, स्नूकरवाले ज्याला स्क्रू म्हणतात तो, कारण बॉल मागे आलेला दिसायला भारी दिसतो. आता दिवसाला चार-पाच पुरतात.

ब्रेक शॉटबद्दल मात्र मी अजून भांडतो. सगळे सांगतात की जोर लागतो. मला उलट वाटतं, निदान माझ्या हाताला, की पांढरा रॅकवर कुठे लागतोय आणि लागल्यावर त्याच्यात कसली फिरकी शिल्लक आहे याने जास्त फरक पडतो. जोर वाढवला की आधी ब्रेक बॉल चुकतो, आणि तो चुकला की सगळा पसारा समोरच्याला आयता वाढून ठेवलेला. मध्यम जोर, रॅकच्या बाजूच्या मधल्या बॉलवर, आणि पाच-सहा बॉल मोकळे झाले तरी पुरे. उरलेला गठ्ठा नंतर, दुसऱ्या कुठल्यातरी बॉलवरून जाता जाता हलका धक्का देऊन सोडवायचा. पण लवकर सोडवायचा, टेबलावर अजून बॉल असताना, म्हणजे काही बिनसलं तर पर्याय राहतो. चिकटलेले दोन बॉल शेवटच्या पाचांत राहिले की समजा संपलं. याच्याही नोंदी आहेत वहीत, भरपूर.

मोठ्या लोकांचे आकडे बघितले की डोकं गरगरतं. विली मॉस्कोनीने १९५४ साली ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये एका प्रदर्शनी सामन्यात सलग ५२६ मारले. टेबल ८ फुटी होतं आणि ९ फुटीवर मारले असते का यावर लोक आजही तावातावाने बोलतात, बोलू देत. मी ५२६ ला १४ ने भागून बघितलं, ३७ रॅक आणि वर ८. म्हणजे ३७ वेळा तो पंधरावा बॉल बरोबर जागी, पांढरा बरोबर कोनात. मला त्या ५२६ पेक्षा हे ३७ जास्त भीतीदायक वाटतात, कारण माझी गाडी दोनाच्या पुढे जात नव्हती. तो आकडा ६५ वर्षं टिकला. २०१९ मध्ये जॉन श्मिटने ६२६ केले, तेही त्याच एका कामासाठी दिवसचे दिवस टेबलाला चिकटून, आणि २०२२ मध्ये जेसन शॉने ७१४. ७१४ ला १४ ने भागा, बरोबर ५१ येतात, बाकी शून्य. माझ्या २८ सारखंच बाकी शून्य, एवढीच काय ती आमच्यात समानता.

सेफ्टीबद्दल, म्हणजे बॉल न घालता समोरच्याला अवघड जाईल असं मारून पाळी सोडण्याबद्दल, मी लिहू नये कारण मी त्यात ढ आहे. एवढं सांगतो की पूर्वी सेफ्टी खेळणं मला हार मानल्यासारखं वाटायचं, म्हणून काहीही नसताना काहीतरी मारायचो. फाऊलला एक पॉइंट जातो आणि सलग तीन झाले की वर आणखी १५, त्यामुळे मी सुरुवातीच्या दिवसांत उणे अकरावरही बसलेलो आहे. शून्याच्या खाली जाऊन खुर्चीत बसण्याची चव वेगळीच असते.

खुर्ची हा या खेळाचा अर्धा भाग आहे, याची कल्पना नव्हती मला. समोरचा ४० मारत असेल तर तुम्ही पंधरा-वीस मिनिटं नुसते बसलेले असता. हात थंड होतो, डोक्यात नको ते चालू होतं, आणि मग एकदम उठून पहिलाच शॉट मारायचा असतो. मी आधी त्या वेळात मोबाइल बघायचो. आता समोरच्याचा शेवटचा बॉल ओळखायचा खेळ खेळतो, रॅक फुटला की मनात ठरवायचं की हा कुठला ब्रेक बॉल ठेवेल आणि की बॉल कुठला. काकांच्या बाबतीत दहातल्या सहा वेळा बरोबर येतं हल्ली. उरलेल्या चारांत ते बरोबर असतात.

आणि मोजणं. २५ झाले की मला कळायचं की २५ झालेत, २६ ला हात घट्ट व्हायचा, २७ ला श्वास. २८ ची भिंत अर्धी टेबलावर होती आणि अर्धी तिथे. ती कधी पडली ते मला कळलंच नाही, अगदी शब्दशः, कारण त्या दिवशी काका स्कोअर ठेवत होते आणि मी वहीत आदल्या दिवशी तीन वेळा "बदलला" लिहिलं होतं, त्या रागात फक्त एवढंच बघत होतो की वाकण्याआधी ठरवायचं आणि वाकल्यावर ठरवायचं नाही. दोनदा तर पूर्ण खाली गेलो होतो, मनात चलबिचल झाली, तर उठून उभा राहिलो, चॉक लावला, टेबलाला चक्कर मारून परत आलो. बघणाऱ्याला कंटाळा आला असेल. रॅक लावले जात होते, मी पुढचा शेवटचा बॉल शोधत होतो. मग एक ब्रेक बॉल गेला, छान गेला, पण पांढरा रॅकमध्ये घुसला आणि तिथेच दोन बॉलच्या बेचक्यात रुतून बसला. कुठूनही काही दिसेना. मी सेफ्टी मारली, बऱ्यापैकी लागली, आणि खुर्चीकडे आलो.

"किती?" मी विचारलं.

"४३."

मी वही काढली. हसू आवरत नव्हतं. लिहिलं, "४३. ब्रेकनंतर पांढरा रॅकमध्ये अडकला." काकांनी मान वाकडी करून वाचलं आणि पुढे झालेच नाहीत, त्यांची पाळी असून.

"अडकला का?"

"जोर कमी पडला असेल."

"पांढरा कुठे होता मारताना?"

मी दाखवलं. जरा सरळच होता, हवा होता त्यापेक्षा.

"मग की बॉल कुठून मारलास?"

ते आठवलं, डाव्या साइडला.

"आणि त्याच्या आधीचा?"

मी टेबलाकडे बघत राहिलो. कोपऱ्यातला असावा, किंवा वरच्या कुशनचा, आठवेचना. काकांनी क्यू भिंतीला टेकवला, गेम तसाच सोडला, आणि शेजारच्या रिकाम्या टेबलावर जाऊन चार बॉल काढले. एक रेषेच्या उजवीकडे ठेवला, एक मध्यावर. तिसरा हातात धरून माझ्याकडे बघत उभे राहिले, की हा कुठे ठेवू सांग.